डाव्या पाकळीला लावलेला मध

देवीच्या कौलात मी एकदा लबाडी केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी मोठी भाविक समजून हात जोडायला नकोत. माझं वय तेव्हा छप्पन होतं. अक्कल यायला काही हरकत नव्हती, पण त्या काळात मी स्वतःला गल्लीतली सगळ्यात शहाणी बाई समजत होते, आणि असं समजणाऱ्या बाईकडे अक्कल फिरकत नाही. आज त्या बाईची आठवण झाली की तिला समोर बसवून दोन गोष्टी सुनवाव्यात असं वाटतं. ती ऐकणार नाही, हेही मला माहीत आहे.

कौल लावतात कसा, ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगते. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक चिकटवायची. हात जोडून जे विचारायचं ते विचारायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही म्हणाली. मुलीचं स्थळ, घराचा पाया, कूपनलिका कुठं मारायची, आमच्याकडे सगळ्याला कौल लागतो. शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लक्ष्मीआईचं लहानसं देऊळ आहे, तिथला गुरव दर मंगळवारी कौल लावतो. मी गेले त्या मंगळवारी गुरव जेवायला घरी गेला होता. खरं सांगायचं तर तो जेवायला गेलाय हे बघूनच मी गेले होते.

पाकळ्या मीच लावल्या. पहिल्यांदा डावी पडली. मला वाटलं, पंख्याचा वारा लागला असेल. पंखा बंद करून पुन्हा लावल्या, पुन्हा डावी पडली. मग मी काय केलं, तर देवीपुढच्या वाटीत सकाळचं पंचामृत उरलं होतं, त्याच्या तळाशी मध बसलेला असतो. तिथपर्यंत बोट घातलं आणि डाव्या पाकळीला ते बोट चांगलं फिरवलं. उजवीला नुसतं पाणी दाखवल्यासारखं केलं. आता देवी झाली म्हणून मधापुढं तिचं काय चालणार? उजवी पाकळी लगेच पडली. मी कपाळ टेकून म्हणाले, ‘आई, तुझी आज्ञा,’ आणि पदरानं बोट पुसत घरी आले.

विचारलं होतं ते एवढंच, की विन्याची गोळी बंद करू का.

विन्या म्हणजे विनायक, माझा एकुलता एक मुलगा. वडगावात पॉवरलूमवर साड्या विणायचा. हात असा की काठाची वेल कुठं जोडली ते भिंग लावून शोधलं तरी सापडायचं नाही. एके दिवशी मागाच्या पट्ट्यात त्याचं मनगट सापडलं. हाड जुळलं, पण कळ जाईना. दुखण्याच्या गोळ्या झाल्या, मग कुणीतरी सुई दिली आणि कळ गेली. कळ गेली तरी सुई लागायची. पुढं सुई मिळेना तेव्हा एकानं त्याला ती तपकिरी पूड दाखवली, जिला गर्द म्हणतात. सहा वर्षं त्यात गेली. त्या सहा वर्षांत मी काय काय केलं त्याची यादी द्यायची लाज वाटते. उतारे टाकले, शपथा घातल्या, त्याला कोंडलं, सुनेला बोल लावले. शोभा, माझी सून, शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची. सकाळी आठला घर सोडणाऱ्या बाईनं नवऱ्याला बिघडवलं कधी असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. दोष द्यायला कुणीतरी लागतं आणि सून घरातच असते.

सहा वर्षांनी एका सकाळी विन्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मी भाकऱ्या थापत होते. तो म्हणाला, ‘आई, मला दवाखान्यात घिऊन चल. एकटा गेलो तर वाटंत वळीन मी.’ मी तवा तसाच सोडून उठले.

दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. पहिले आठ-दहा दिवस त्याचे कसे गेले ते मी सांगत नाही. अंगातनं ती पूड पूर्ण गेल्यावर डॉक्टरीण बाईंनी एक गोळी सुरू केली. नाल्ट्रेक्झोन तिचं नाव, ते माझ्या तोंडात बसायला महिना गेला. मी त्यांना विचारलं, ‘बाई, एक गोळी सोडवून दुसरी लावता व्हय? ह्येची सवय लागली मंजे?’ बाई धारवाडकडच्या, मराठी थांबून थांबून बोलायच्या. म्हणाल्या, ‘ही गोळी नशा देत नाही, मावशी. हिची सवय लागत नाही. तुमच्या स्टँडवर बस लागली की लोक खिडकीतून आत काय टाकतात?’ मी म्हणाले, रुमाल. ‘कशाला?’ जागा धरायला. ‘तेच करते ही गोळी. डोक्यात नशा जिथे येऊन बसते ती जागा ही आधी धरून ठेवते. नशा आली तरी तिला बसायला जागा नाही.’

मला ते इतकं पटलं की बसमध्ये शेजारच्या बाईलाही मी ते समजावून सांगितलं. पण बाईंनी पुढं आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या माझ्या शहाण्या डोक्यात तेवढ्या खोल गेल्या नाहीत. एक म्हणजे गोळी रोज सकाळी घरातल्या एका माणसाच्या हातून, त्याच्या डोळ्यांसमोर घ्यायची. सकाळी मन चांगलं असतं, तेव्हा एकदा गिळली की दिवसभर स्वतःशी भांडायला नको. आणि दुसरी म्हणजे दवाखान्यात न विचारता ती बंद करायची नाही. त्याचं शरीर आता पूड विसरलंय, बाई म्हणाल्या, गोळी सोडली आणि त्यानं पूर्वीएवढीच पूड घेतली तर श्वास बंद पडेल. पूर्वी जेवढ्यानं तो नुसता झिंगायचा, तेवढ्यानं आता मरेल.

घरात सगळ्यात लवकर उठणारी मी, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. रोज सकाळी विन्या आंघोळ करून यायचा आणि हात पुढं करायचा. मी गोळी तळव्यावर ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची, तो गिळून तोंड उघडून दाखवायचा. तोंड उघडून दाखव असं बाईंनी सांगितलं नव्हतं. ते त्यानंच सुरू केलं. बत्तीस वर्षांचा बाप्या माणूस आईसमोर ‘आ’ करून उभा राहायचा. मला त्यात गंमत वाटायची. त्यात त्याचं किती काही होतं ते कळत नव्हतं.

सवयीच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. निपाणीकडची मी, लहानपणापासून मिश्री घासत आले. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरड्यांना चोळल्याशिवाय माझा दिवस उगवायचा नाही. एकदा बाईंपुढं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, की मनाचा निर्धार पायजे, गोळ्या कशाला लागत्यात. बाईंनी माझ्या दातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मावशी, पुढच्या वेळी येईपर्यंत मिश्री सोडून दाखवा.’ मी सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी शोभानं मला मोरीत पाठ करून घासताना पकडलं. नुसती हसली. ते हसणं मला आठवडाभर टोचत होतं.

आठ महिने असे गेले. विन्या पुन्हा मागावर बसायला लागला, अंगावर मांस चढलं, पोरीला शाळेत सोडायला जायला लागला. आणि मी गल्लीभर सांगत सुटले की लक्ष्मीआईनं माझा मुलगा बरा केला. नवस बोलले होते, तो वाजतगाजत फेडला, ओटी भरली, बायकांना जेवायला बोलावलं. दवाखान्याचं नाव त्यात कुठं आलं नाही. दवाखाना म्हटला की कसला आजार ते सांगावं लागतं. देवी म्हटलं की सगळे हात जोडतात.

मग एका सकाळी शेजारची काशीबाई साखर मागायला आली आणि तिनं विन्याला ‘आ’ करताना पाहिलं. ‘आक्का, देवीनं बरा केला म्हणतीस, मग गोळी कशाची गं?’ मी म्हणाले, ताकदीची. ती म्हणाली, ‘व्हय का,’ आणि साखर घेऊन गेली. त्या ‘व्हय का’नं माझी झोप उडवली. मला वाटायला लागलं, ही गोळी म्हणजे देवीवरचा अविश्वास आहे. गोळी चालू आहे तोवर देवीनं केलं असं कुणी मानणार नाही. किती मोठी भक्ती बघा माझी, मी देवीची अब्रू राखायला निघाले होते. देवीची अब्रू म्हणजे नक्की कुणाची, हे विचारायला तेव्हा समोर कुणी नव्हतं.

त्यातूनच तो मंगळवार आला, ते पंचामृत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विन्यानं हात पुढं केला तेव्हा मी त्यावर चिमूटभर अंगारा ठेवला आणि सांगितलं, देवीनं कौल दिलाय, गोळी बंद.

तो तळव्याकडं बघत राहिला. ‘आई, मला भ्या वाटतंय,’ म्हणाला.

शोभा डबा भरत होती, तिथनंच म्हणाली, ‘आत्या, डॉक्टरीण बाईंना एकदा इचारूया की आधी.’

‘बाई मोठ्या का देवी मोठी?’ मी म्हणाले.

विन्यानं माझ्याकडं पाहिलं. ‘खरंच उजवा दिला?’

‘व्हय. माझ्या डोळ्यांनी बघितलं.’

हे वाक्य शब्दाला शब्द खरं होतं. खोटं बोलताना माणूस किती जपून खरं बोलतो, हे मी त्या दिवशी शिकले. विन्यानं अंगारा कपाळाला लावला, उरलेला जिभेवर टाकला आणि सवयीनं ‘आ’ करून दाखवलं.

एकवीस दिवस काही झालं नाही. बाविसाव्या दिवशी तो साड्यांचा एक गठ्ठा पोचवायला संकेश्वरला गेला. गठ्ठा दुकानात दिला, परत स्टँडवर आला आणि तिथं त्याला जुन्या दिवसांतला एक ओळखीचा भेटला. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, ‘गोळी आत असती तर मी गेलोच नसतो, आई. फुकट जाणार म्हटल्यावर कोण जातंय?’ पूर्वी जेवढी घ्यायचा तेवढीच त्यानं घेतली, आणि स्टँडच्या शेवटच्या बाकड्यावर येऊन बसला.

दुपारी बाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. नंबर विन्याचा, आवाज दुसऱ्याचा. स्टँडवरच्या कॅन्टीनवाल्यानं फोनमध्ये ‘आई’ दिसलं म्हणून लावला होता. ‘तुमच्या मुलाला दवाखान्यात नेलंय. जिता हाय. या लौकर.’ शोभाला कारखान्यात निरोप धाडला आणि मी मिळेल ती बस धरायला स्टँडवर पळाले. संकेश्वरची बस लागत होती. ती थांबायच्या आत चार-पाच जणांनी खिडक्यांतून रुमाल आत टाकले. मी तिथंच थबकले. हे रोज बघणारी बाई मी. त्या दिवशी ते रुमाल बघून डॉक्टरीण बाईंचं बोलणं आठवलं. माझ्या मुलाची जागा धरून ठेवलेला रुमाल मीच उचलून टाकला होता.

काकती गाव मागं पडलं, ऊस सुरू झाला. शेजारची बाई जप करत होती, मला वाटलं आपणही करावा. पण कुठल्या तोंडानं हाक मारू? जिला मी मध लावून गप्प केलं, तिलाच म्हणू आता बोल म्हणून? तासाभराच्या त्या वाटेत मला पहिल्यांदा उमगलं की देवी बोलली होती. दोनदा बोलली होती. डावी पाकळी पडली ती वाऱ्यानं नव्हे. मी मागितलं होतं ते उत्तर तिनं मला सरळ दिलं होतं, मलाच ते नको होतं. आयुष्यभर मी देवीला ‘तुझ्या मनात असेल ते कर’ म्हणत आले, आणि तिनं मनातलं सांगितलं तेव्हा मी पंखा बंद केला. मग हाक मारायची सोडून दिली. मांडीवर तळवे वर करून पसरले आणि तसेच ठेवले. मागणं काही नव्हतं. मागायला तोंड नव्हतं असं म्हणा.

विन्या शुद्धीवर होता. ओठ अजून करडे दिसत होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आणला तेव्हा श्वास अगदी मोजका चालला होता. एक सुई दिली आणि डोळे उघडले. ती सुई म्हणजे आमच्या गोळीचीच बहीण, नशेला त्या जागेवरनं उठवून लावणारी. ‘पण इथपर्यंत श्वास चालू राहिला तो त्या बाईमुळे,’ डॉक्टर म्हणाले. कुठली बाई, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी कॅन्टीनवाल्याकडं गेले.

त्यानं सांगितलं ते असं. विन्या बाकड्यावर कलंडला होता. येणारे-जाणारे बघून पुढं जात होते, दुपारीच ढोसलंय म्हणत होते. तेवढ्यात सौंदत्तीहून आलेली एक जोगतीण समोरून चालली होती. डोक्यावर जग होता, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली ती वेताची मोठी बुट्टी. ही बुट्टी कुठंही खाली ठेवत नाहीत. ठेवायची तर जागा स्वच्छ करून, कांबळं अंथरून, हळद वाहून. ती जोगतीण विन्यासमोर थांबली, वाकून त्याची नखं बघितली, आणि देवी तिथंच स्टँडच्या फरशीवर ठेवली. थुंकीचे डाग पडलेल्या फरशीवर, बघायलाही न थांबता. त्याला कुशीवर केला, छातीवर मुठी चोळल्या, गालावर चापट्या मारल्या, आणि कन्नडमध्ये ओरडत राहिली, ‘उसिरु तगो, मगा, उसिरु तगो.’ श्वास घे, लेकरा, श्वास घे. कॅन्टीनवाला म्हणाला, ‘ती वरडली की ह्यो एक श्वास घेतोय. ती थांबली की ह्यो थांबतोय. गाडी येस्तोवर ती थांबलीच न्हाय.’

मला वाटलं, आता ही बाई कुठली सापडायला. कथेत अशी बाई अंतर्धान पावते. मी डोळे पुसत विचारलं, ‘कुठल्या दिशेला गेली?’ कॅन्टीनवाल्यानं मागं बोट केलं. ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसून भजी खात होती. देवी शेजारच्या खुर्चीवर होती.

मी जाऊन तिच्या पायांना हात लावायला वाकले, तर ती पाय ओढून घेत म्हणाली, ‘हात नको लावू, अव्वा, गुडघा लई दुखतोय.’ तिचं मराठी माझ्या कन्नडएवढंच होतं, पण आमचं भागलं. मी विचारलं, तुला कळलं कसं? ती म्हणाली, भाऊ असाच गेला. सगळे झोपलाय म्हणाले, मीसुद्धा म्हणाले. त्याची नखं निळी होती ती नंतर आठवली. एवढं सांगून तिनं भज्याची बशी माझ्याकडं सरकवली. मी देवीकडं बघितलं. मुखवट्याच्या बुडाला फरशीची माती लागली होती. मी ती पदरानं पुसायला गेले तर जोगतीण म्हणाली, ‘राहू दे. तिला काय व्हत न्हाय.’

मी तिथं बसून रडले. ती खात राहिली. मधनंच एकदा पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवला.

ज्यांना यात चमत्कार दिसतो त्यांना दिसो, ज्यांना योगायोग दिसतो त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला एवढंच कळतं, की ज्या देवीची अब्रू राखायला मी माझ्या मुलाचा श्वास पणाला लावला, ती त्याच्या श्वासासाठी थुंकलेल्या फरशीवर जाऊन बसली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी गुरवापुढं उभी राहून सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो मला देवळाची पायरी बंद करेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तरीच. त्या दिवशी देवीच्या डाव्या खांद्याला मुंग्या लागलेल्या. मी दोन दिवस काशीबाईवर संशय घेतला, ती लाडू आणती म्हणून.’ मग ऊन पाणी आणून दिलं आणि म्हणाला, ‘धुवा आता तुमीच.’ मी देवीचा खांदा धुतला. मुंग्या तेव्हा नव्हत्या, तरी पुष्कळ वेळ धुतला. घरी येताना काशीबाईच्या दारात थांबून तिलाही सांगितलं, ती गोळी कशाची होती ते, नावासकट. ती म्हणाली, ‘आक्का, माझ्या भाच्याला दाखवायचं हाय, कुठं असतात त्या बाई?’ आठ महिने मी जे झाकलं त्यानं एका घराची वाट अडवून धरली होती, हे असं कळलं.

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, देवळात जा, अंगारा लावा, काही हरकत नाही, पण गोळीबद्दल काही वाटलं तर आधी माझ्याकडं या. अंगात पूड असताना गोळी दिली तर फार त्रास होतो, म्हणून पुन्हा आठ-दहा दिवस थांबावं लागलं. पुढं दोन वर्षांहून जास्त गोळी चालली, तपासण्या झाल्या, मनातलं बोलायला समुपदेशकापुढं बसवणं झालं, मग बाईंनीच ती बंद केली. मधे एकदा त्याचा पाय डगमगला, पण ते त्यानं स्वतःहून येऊन सांगितलं. आज विन्याचे स्वतःचे दोन माग आहेत. नात कॉलेजात जाते, आणि हे तिनं वहीत उतरवून घेतलंय, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. मिश्री सुटली का, असं तिनं लिहिता लिहिता विचारलं. मी म्हणाले, पुढं लिही.

समर्पण हा शब्द मी कीर्तनांत फार ऐकला. मला वाटायचं, ते डोळे मिटून करायचं काहीतरी मोठं असतं. माझ्या घरात ते रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी चाललं होतं. एक माणूस, ज्याला स्वतःचा भरवसा नव्हता, तो तळवा पुढं करायचा आणि म्हणायचा, आजचा दिवस तुझ्या हातात. मी समोर उभी राहून ते बघत होते आणि देवाला शोधायला पंचामृताच्या वाटीत बोट घालत होते.

गोळी पुन्हा सुरू करायची त्या सकाळी मी डबी शोभापुढं ठेवली. आदल्या दिवशी विन्याला कौलाचं सगळं सांगितलं होतं, मधासकट. तो ऐकून मागावर गेला होता. मी शोभाला म्हणाले, बाई गं, आता तू दे, माझा हात त्या लायकीचा राहिला नाही. शोभानं डबी घेतली. विन्या आंघोळ करून आला, डबी कुणाच्या हातात आहे ते बघितलं, ती तिच्या हातातून काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि तळवा पुढं करून म्हणाला,

‘शोभाच्या हातनं नको. ती कधी खोटं बोलली न्हाय, चुकलो तर तिच्यापुढं मी लपवायला लागंन. तू बोललीयास. तुला मी सांगू शकतो. दे, आई, तूच दे.’